जादाच्या वीस चकत्या

सातवी निघाली तेव्हा मशीनवर बसलेल्या इंजिनियरिंग कॉलेजच्या सरांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. "मॅडम, ही तर नखानंसुद्धा निघाली असती," म्हणाले. स्क्रीनवर आकडा होता चार पॉइंट नऊ. त्याच्या आधीच्या पण अशाच, पाच पॉइंट दोन, साडेचार, पाच. मी आकडे वहीत लिहीत होते आणि हाताला इतका घाम, की पेन सारखं खाली सरकत होतं.

थांब विश्वा, मध्ये बोलू नकोस. तुम्ही सगळे मला सकाळपासून म्हणताय ना, सरनोबत सर रिटायर होतायत, एक मिनिटाचा व्हिडिओ पाठव, सगळ्या बॅचचा आला, स्वरूपाचाच राहिला. आणि तू तर म्हणालास, देवमाणूस. तर का राहिलाय ते सांगते. चार वर्षं कुणाला सांगितलं नाहीये, त्यामुळे एकदम सांगणार, मध्ये थांबले तर परत जमायचं नाही मला.

गौतमी, तू डेंटलची नाहीस, तर तुझ्यासाठी दोन मिनिटं. दातावर सिरॅमिकची कॅप बसवतात ना, ती आतून काचेसारखी गुळगुळीत असते. काचेवरचा स्टिकर कसा सोलून निघतो, तसं तिच्यावरचं रेझिनचं सिमेंट सोलून निघतं. म्हणून आतली बाजू आधी खरबरीत करायची. ते करतात ॲसिडनं, आणि ते ॲसिड असलं बेकार, की हातावर पडलं तर आधी कळतसुद्धा नाही आणि आत हाडापर्यंत जातं. माझा थीसिस असा, की ॲसिडऐवजी लेसर मारायचा. लेसरनं हजारो बारीक खड्डे पडतात. डोळ्याला दिसत नाहीत, फक्त चमक जाते आणि चकती दुधाळ दिसते. त्या खड्ड्यांत रेझिन शिरतं, तिथंच घट्ट होतं आणि मग सोडत नाही. तर शर्टाच्या बटणाएवढ्या चकत्या करायच्या, वीस ॲसिडच्या, वीस लेसरच्या. प्रत्येकीवर रेझिनचा एक छोटा खुंट चिकटवायचा, मशीनमध्ये अडकवायचा आणि ढकलत राहायचं, किती जोराला निघतो बघायचं. एवढंच. ह्यासाठी तीन वर्षं.

ॲसिडच्या वीस आल्या अठराच्या आसपास. लेसरच्याही तिथंच याव्यात अशी अपेक्षा. माझे गाइड सरनोबत सर, ते तर म्हणाले होते, वीस ओलांडेल बघ. त्यांनीच तो लेसर मॅनेजमेंटच्या मागे लागून घेतला होता, आणि डिसेंबरच्या कॉन्फरन्सला माझ्या थीसिसवर त्यांचं भाषण ठरलेलं.

मी तिथूनच फोन केला. "सर, लेसरच्या सगळ्या पाचच्या मागेपुढे आल्यात."

सर अगदी शांतपणे म्हणाले, "चकत्या कुणी केल्या होत्या?"

बघा हं. लेसर कितीवर ठेवला होता, नाही विचारलं. सिमेंट कुठलं वापरलं, नाही विचारलं. चकत्या कुणी केल्या.

"कोष्टी मामांनी, सर."

"हं. ये तू. बघू आपण."

कोष्टी मामा म्हणजे आमच्या सिरॅमिक लॅबचे टेक्निशियन. सदाशिव कोष्टी. विश्वा, तुला आठवत असतील, कायम इन केलेला शर्ट आणि पायात स्लीपर. एकवीस वर्षं लॅबमध्ये. एकवीस वर्षं कंत्राटावर, कारण डिप्लोमा नाही. हातात कला इतकी, की दुसऱ्या कॉलेजचे लोक गुपचूप समोरच्या दातांची कामं घेऊन यायचे त्यांच्याकडे. पण कागद नाही. दर वर्षी दिवाळीनंतर त्यांची नवी ऑर्डर निघायची आणि ती निघायची एचओडीच्या शेऱ्यावर. म्हणजे सरनोबत सरांच्या. वय बावन्न, आणि आता डिप्लोमाशिवाय कुठलीच लॅब घेत नाही. बाकी काही विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा, की मामांचं सगळं त्या एका शेऱ्यावर होतं.

मी लॅबमध्ये गेले तर मामा भट्टीपाशी बसलेले. मी आकड्यांची वही पुढे केली, ती त्यांनी बाजूलाच ठेवली.

"आकडं ऱ्हाऊ द्या मॅडम. चकती फुटली का सिमेंट निघालं?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? डॉक्टर तुमी का मी? दाखवा तरी."

पिशवीतनं काढून ट्रेमध्ये ओतल्या. मामांनी डोळ्याला भिंग लावलं आणि एकेक चकती चिमट्यानं उचलून बघायला लागले. वीसच्या वीस बघितल्या. मी आपली बाजूला उभी, मला रडायला येत होतं.

"एक फुटली न्हाई," मामा म्हणाले. "माझं भाजणं चुकलं असतं, आत हवा ऱ्हायली असती, तर चकती मधनं फुटली असती. टवका गेला असता. ह्या सगळ्या शाबूत हायत. वरचं सिमेंट तेवढं सोलून आलंय. माल चांगला हाय मॅडम. लेसरचं तोंड घाण हुतं."

मग त्यांनी एक चकती माझ्यापुढे धरली आणि भिंग माझ्या हातात दिलं. दुधाळ पांढऱ्यावर बारीक बारीक लाल ठिपके. खड्ड्यांत बसलेले.

"हे काय आहे?"

"काय आसंल?" मामा म्हणाले. "कुंकू हाय."

आणि मला सगळं आठवलं. आठवलं कसलं, दोन दिवस मी ते मुद्दाम आठवत नव्हते.

दोन दिवसांपूर्वी खंडेनवमी होती. आमच्या लॅबमध्ये खंडेनवमी मामांची. आदल्या दिवशी सगळं धुऊन पुसून, पांढरी चादर टाकून त्यावर ओळीनं सगळी हत्यारं मांडायची, प्लास्टर चाकू, हँडपीस, मेण कापायच्या सुऱ्या, भट्टीला झेंडूची माळ. त्या वर्षी नवीन लेसर, त्यालाही माळ. माझ्या लेसर मारलेल्या वीस चकत्या तयार होत्या, दुपारी चिकटवायच्या होत्या. ॲसिडच्या आधीच्या दिवशीच चिकटवून पाण्यात ठेवल्या होत्या, त्यांचं काही नव्हतं. ह्या वीस डब्यात. मामांनी स्वतः डबा चादरीवर ठेवला, झाकणाला हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि मला म्हणाले, "पूजा डब्याची. आतल्याला हात न्हाई लावायचा कुणी. लेसर मारलेलं तोंड म्हंजे ओल्या रंगासारखं, जे लागंल ते धरणार."

तेवढ्यात सर आले, संस्थेच्या अध्यक्षांच्या मिसेसना घेऊन. वहिनीसाहेब. मागं फोटोवाला. ओवाळणं झालं, नारळ झाला. वहिनीसाहेब बिचाऱ्या निघालेल्या, पण सर म्हणाले, "थांबा, आपलं संशोधन दाखवतो." आणि डबा उचलला.

मामा एक पाऊल पुढे आले. "सर, ते उघडू नका."

सर हसले. "मामा, सण आहे आज."

उघडला. चकत्या वहिनीसाहेबांच्या तळहातावर ओतल्या. त्या म्हणाल्या, "अगं बाई, ह्या दाताच्या होय? किती नाजूक." मग त्यांनी ताटातलं कुंकू करंगळीशेजारच्या बोटानं त्या चकत्यांनाही लावलं. त्यांना काय माहीत, त्यांनी भक्तीनंच केलं. मग चकत्या फिरल्या. ट्रस्टी, ऑफिसचे दोघं, लायब्ररियन, सगळ्यांनी हातात घेऊन, अंगठ्यानं चोळून बघितल्या. नारळाचं पाणी, पेढ्याचं तूप, जे काय हाताला होतं ते सगळं.

आणि मी कुठं होते? मी ताट धरून उभी होते. फोटो आहे तो कॉलेजच्या वेबसाइटवर, अजून आहे. मी हसतेय त्यात.

सगळे गेल्यावर मी म्हटलं, "सर, ह्या आता चालतील का?"

"स्पिरिटनं पूस आणि आजच चिकटव. उद्या दसरा, परवा तुला टेस्टिंगची वेळ मिळालीये. ती गेली की महिनाभर मिळणार नाही."

मामा असते तर काहीतरी बोलले असते, पण सणाचा अर्धा दिवस, ते बाराला घरी गेले. मी स्पिरिटनं पुसल्या आणि चिकटवल्या. आणि नोंदवहीत लिहिलं, प्रोटोकॉलप्रमाणे. खाली सही. विश्वा, तू तोंड वाकडं करू नकोस, आपल्या अख्ख्या बॅचनं नोंदवहीत काय काय लिहिलंय ते मला माहितीये.

तर भिंगातनं ते लाल ठिपके बघितले आणि माझं डोकंच सणकलं. मी तशीच चकत्या घेऊन सरांच्या केबिनमध्ये.

सर कधी ओरडत नाहीत हे तुम्हाला माहितीये. "बस बाळ," म्हणाले. चहा मागवला.

"सर, चकत्या खराब नव्हत्या. कुंकू आहे वर. हात लागलेत. एकही चकती फुटलेली नाही, सगळं सिमेंट सोलून आलंय."

"तू स्पिरिटनं पुसल्या होत्यास ना?"

"हो सर."

"मग झालं तर. चहा घे." मग म्हणाले, "असं बघ, वहिनीसाहेबांच्या हातानं पूजा झाली आणि म्हणून प्रयोग फसला, हे मी कुठल्या कागदावर लिहू? तू सांग, लिहितो. चकत्यांमध्येच दोष असणार. मामांचं वय झालंय आता, हात थरथरतो. मी मेमो काढलाय. नवीन चकत्या करायला सांग त्यांना, आणि ही शेवटची संधी आहे असंही सांग."

हात थरथरतो. त्या माणसाचा हात थरथरतो. दाताच्या कडेला केसाएवढी निळसर रेघ ओढणारा माणूस.

मेमो खरंच निघाला होता. मी लॅबमध्ये पोचायच्या आधीच शिपाई देऊन गेलेला. मामा तो वाचत होते. इंग्रजीत होता, म्हणून माझ्याकडे दिला. मी मराठीत सांगितला, की संशोधनासाठी केलेल्या चकत्यांची बॅच सदोष, त्यामुळे विभागाचं नुकसान, लेखी खुलासा करावा.

"ऑर्डरच्या तोंडावर," एवढंच म्हणाले मामा.

मग उठले, कपाट उघडलं, मागनं बिस्किटांचा एक चौकोनी डबा काढला. त्यात कापसात गुंडाळलेल्या चकत्या. वीस.

"ह्या कधी केल्या?"

"त्याच. त्याच हप्त्यात, त्याच पावडरीच्या, त्याच भट्टीत. मी दुप्पटच करतो कायम. वीस तुमच्या, वीस तुमच्या चुकांच्या." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. "हितं शिकलेली सगळी डॉक्टर मंडळी माझ्या दुसऱ्या विसांवर पास झालीत."

मला एकदम कळलं त्यांच्या डोक्यात काय आहे. नवीन करायच्याच नाहीत. ह्याच वापरायच्या. ह्या जर चांगल्या निघाल्या, तर पहिल्याही चांगल्याच होत्या, कारण दोन्ही एकच. मेमो खोटा. मी म्हटलं, "मामा, आपण सरांना दाखवूच."

"दाखवू," मामा म्हणाले. "पर हात धुऊन."

आम्ही दोघांनी मिळून केलं ते. वीसही चकत्यांना मी लेसर मारला, मामा शेजारी घड्याळ घेऊन. ग्लोव्हज बदलून बदलून. चिमट्याशिवाय स्पर्श नाही. मामांनी दाराला आतनं कडी घातली आणि बाहेरून कुणी ठोठावलं की ओरडायचे, "भट्टी चालू हाय." भट्टी बंद होती. त्याच दिवशी चिकटवल्या, चोवीस तास पाण्यात. टेस्टिंगची वेळ नव्हती, तर मी त्या इंजिनियरिंगच्या सरांना जाऊन इतकी गळ घातली, की ते म्हणाले, तुमच्यासाठी जेवणाच्या सुट्टीत करतो. मामा रजा टाकून आले माझ्याबरोबर. माझ्या स्कूटीवर मागे, मांडीवर डबा.

पहिली, सोळा पॉइंट आठ. दुसरी, सतरा पॉइंट तीन. तिसरीला मशीनवाले सर म्हणाले, "मॅडम, ही वेगळी जात दिसतेय."

मामा म्हणाले, "जात तीच हाय सर. हात येगळं."

विसांची सरासरी सतरा पॉइंट एक. मी मामांना तिथल्या कँटीनमध्ये नेलं, मिसळ खाल्ली आम्ही. मामा दर दोन घासांनी विचारायचे, "मग आता मेमो मागं घ्यायला लागंल न्हवं?" आणि मी दर वेळी सांगायचे, घ्यावाच लागेल मामा, आकडे आहेत आपल्याकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या केबिनमध्ये मी जवळजवळ पळतच गेले. सगळं सांगितलं. आकडे ठेवले. म्हटलं, "सर, ह्या जुन्याच चकत्या आहेत, मामांनी जादा केलेल्या, त्याच बॅचच्या. म्हणजे बॅच सदोष नव्हती. मेमो मागे घ्यायला लागेल."

सरांनी आकडे दोनदा वाचले. चेहरा असा फुलला, तुम्हाला सांगते, मला वाटलं जिंकलो.

"सुंदर," म्हणाले. "मी म्हणत होतो ना, लेसर चालतो. आता असं लिही. पहिली बॅच सदोष आढळली, ती वगळली. त्यानंतर नवीन बॅच तयार करून घेतली, तिचे हे निष्कर्ष."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. म्हणजे बघा ना, मेमो म्हणत होता पहिल्या वाईट. आता दुसऱ्या चांगल्या निघाल्या, आणि त्या नवीन म्हणून लिहिल्या, की मेमो खरा ठरतो. मेमो खोटा पाडायला मामांनी ज्या चकत्या कपाटातनं काढून दिल्या, त्यांनीच मेमो पक्का होतो.

"सर, पण ह्या नवीन नाहीत."

"कोण म्हणतं?"

"मामा म्हणतात. मी बघितलंय."

"बरं," सर म्हणाले. अजिबात न चिडता. "मग तू खरं लिही. दोन्ही एकाच बॅचच्या. मग पहिल्या का पडल्या, ते लिहावं लागेल. हात लागलेल्या चकत्यांवर तू बॉन्डिंग केलंस, ते लिही. नोंदवहीत प्रोटोकॉलप्रमाणे असं लिहून सही केलीस, तेही लिही. कमिटीपुढे जाईल. सहा महिने एक्स्टेंशन, कदाचित विषय बदल. मी तुला अडवणार नाही. तुझा थीसिस आहे."

"सर, तुम्हीच म्हणालात स्पिरिटनं पूस."

"म्हणालो असेन. कुठं लिहिलंय?"

मी तिथं उभी. आणि राग इतका, इतका, की कानात आवाज येत होता. मी म्हटलं, "आणि मामांच्या ऑर्डरचं?"

"बघू," सर म्हणाले, आणि फोन उचलला.

नाही निघाली ऑर्डर. दिवाळीनंतर सोमवारी मामा नेहमीसारखे आले, तर ऑफिसनं सांगितलं तुमचं नाव नाही यादीत. ते अकाउंटला गेले, प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी फाइल काढून दाखवली. मेमो होता, आणि त्याच्यामागे माझ्या थीसिसची एक प्रत जोडलेली होती, शेवटचं पान, टेक्निशियनचं प्रमाणपत्र. की पहिली बॅच सदोष आढळल्याने सदर वीस चकत्या मी मेमोनंतर नव्याने तयार करून दिल्या. खाली मामांची सही. प्राचार्य म्हणाले, "तुम्ही स्वतःच मान्य केलंय, आता मी काय करू?"

एकवीस वर्षं. निरोप समारंभ नाही, नारळ नाही, काही नाही. भट्टीशेजारची त्यांची खुर्ची दुसऱ्या दिवशी प्लास्टर रूममध्ये गेली. आणि डिसेंबरमध्ये सरांच्या भाषणाला उभं राहून टाळ्या. त्यांनी स्टेजवरनं माझं नाव घेतलं, विद्यार्थिनी म्हणून. मला बेस्ट पेपर मिळाला. तुम्ही सगळ्यांनी तेव्हा स्टेटस ठेवले होते.

त्या माणसासाठी मी व्हिडिओ करू? काय बोलू त्यात? सरांनी आम्हाला घडवलं?

काय गौतमी? हां. तू विचारणारच. मामांनी सही केलीच कशी. हे विश्वानं विचारायला पाहिजे होतं.

सांगते.

थीसिस बाइंडिंगला टाकायच्या आदल्या दिवशी मी ते पान टाइप करून लॅबमध्ये गेले. सरांनी नाही नेलं ते, मी नेलं. मराठीतच केलं होतं, मामांना वाचता यावं म्हणून. मामांनी हात धुतले, चष्मा लावला, पान दिव्याखाली धरून पूर्ण वाचलं. परत वरून वाचलं.

"मॅडम, ह्यात नवीन केल्या म्हणून लिवलंय."

"हो मामा."

"त्या नवीन न्हाईत."

"मला माहितीये मामा."

"तुमाला म्हायती हाय," मामा म्हणाले. "ह्यावर सही केली तर पहिल्या वाईट हुत्या असं मीच म्हणल्यागत झालं की."

मी म्हटलं, "तसं नाही मामा, हा फक्त फॉर्म आहे. सगळ्या थीसिसला असतो."

"आणि न्हाई केली तर?"

"तर माझे सहा महिने जातील. विषय बदलायला लागेल कदाचित."

मामांनी पान टेबलावर ठेवलं. भट्टीकडे बघत बसले. मला वाटलं आता चिडतील, आणि मला खरंच वाटत होतं की त्यांनी चिडावं, पान फाडावं, म्हणजे मग मला सरांना जाऊन सांगता आलं असतं, की ते नाही म्हणाले.

"ऑर्डरचं काय म्हणालं सर?" मामांनी विचारलं.

सर म्हणाले होते, बघू. आणि फोन उचलला होता.

मी म्हटलं, "सर म्हणालेत, करतो. काळजी करू नका म्हणालेत."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मग चष्मा पुसला, खिशाला पेन नव्हतं म्हणून माझ्याकडे हात केला, मी माझं दिलं. त्यांनी सही केली, सदाशिव रामचंद्र कोष्टी, पूर्ण नाव, प्रत्येक अक्षर सुटं सुटं. पान माझ्याकडे सरकवलं. मी उचलणार, तर परत ओढून घेतलं. खाली तारखेची रेघ रिकामी राहिली होती.

"केल्याची तारीख लिवायची हाय हितं," मामा म्हणाले. "कुठली टाकू, मॅडम?"

मी सांगितली.